करंगळी बधिर असेल तर थांबू नका

मनगटाला काच लागली, टाके पडले, जखम सुकलीही. करंगळी मात्र बधिरच राहिली, आणि अनामिकेची तिच्याकडची बाजूसुद्धा. ‘सूज आहे, उतरेल,’ असं मला सांगण्यात आलं. बोटं वाकत होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात. मनगटाशी अल्नर नर्व्ह, म्हणजे करंगळीकडे जाणारी नस, पूर्ण तुटली तरी मूठ बऱ्यापैकी वळते. बिघडतं ते बोटं फाकवणं आणि चिमटीत कागद घट्ट धरणं. ते कुणी करून पाहिलंच नाही. नस तुटल्याचं उशिरा कळलं, मग शस्त्रक्रिया झाली.

त्या उशिराची किंमत कळण्यासाठी आत काय चालतं ते माहीत हवं. तुटलेल्या जागेपुढचा नसेतला तंतू झडून जातो, हे ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं. त्याला वेढून असणाऱ्या श्वान पेशी मात्र जगतात. त्या मायलिनचं आवरण राखण्याचं रोजचं काम सोडतात, जुनं मायलिन स्वतः मोडू लागतात आणि उरलेला कचरा उचलायला भक्षक पेशींना बोलावतात. मग लांबट होऊन एकामागे एक रांग धरतात आणि वाढीला पोषक प्रथिनं स्रवतात. त्याच रांगेच्या आधाराने तंतूचा नवा कोंब पुढे सरकतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत पाच-सहा महिने. एवढ्याशा पेशी स्वतःचं कामच बदलून टाकतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण त्या कायम तग धरत नाहीत. कित्येक महिने कोंब पोचला नाही तर स्रवणं मंदावतं, वाट आक्रसते. स्नायूही वर्ष-दीड वर्षात कायमचे निकामी होऊ लागतात. दरम्यान तुटलेली टोकं आखडतात, आणि मग पोटरीची नस काढून मधली फट भरावी लागते.

म्हणून टाके घालण्याआधीच, भूल देण्यापूर्वी, डोळे मिटून कापसाचा स्पर्श प्रत्येक बोटाला कळतो का, ते तपासून घ्या. बोटं फाकवून दाखवा. शंका असेल तर हाताच्या सर्जनना त्याच दिवशी गाठा. स्वच्छ कापलेली नस पहिल्या काही दिवसांत जोडणं सगळ्यात चांगलं. जोडल्यावर बधिर बोट तव्यापासून, कुकरपासून जपा, कारण भाजलेलं कळत नाही. तंबाखू सोडा, मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा. डॉक्टर नसेवर टिचकी मारून बघतील. मुंग्या येण्याची जागा महिन्यागणिक बोटाकडे सरकायला हवी. ती अडून राहिली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा.