नॅनोपदार्थ घडवण्याचे करिअर : पाया कोणता, वाट किती लांब

बारावीनंतरच्या प्रवेशांच्या काळात नॅनोतंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांची माहितीपत्रके घरोघरी पोहोचतात. मात्र या क्षेत्रात प्रत्यक्ष काम कोणते असते, त्यासाठी कोणते शिक्षण लागते आणि त्यावर संसार उभा राहतो का, हे पालकांच्या मनातले प्रश्न त्यांत बहुधा अनुत्तरित राहतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग, आणि साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण, तंतू किंवा थर ठरवून, हव्या त्या आकारात आणि रचनेत घडवणे म्हणजे नॅनोपदार्थांचे संश्लेषण. एवढे लहान कण कशासाठी, याचे उत्तर शालेय गणितात सापडते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्या सर्वांचे मिळून पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर भरते. घन पदार्थांच्या बहुतेक रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच घडत असल्याने तेवढ्याच वजनाच्या पदार्थाकडून कितीतरी पट अधिक काम करून घेता येते.

उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, हे याचे सर्वांत जुने आणि व्यवहारात रुळलेले उदाहरण होय. पेट्रोल मोटारींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या महागड्या धातूंचे अतिसूक्ष्म कण सच्छिद्र आधारावर पसरवलेले असतात आणि ते धुरातील विषारी वायूंचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, नॅनोमीटरपेक्षाही लहान छिद्रे असलेल्या झिओलाइट या खनिजवर्गातील उत्प्रेरकांवर दीर्घकाळ काम झाले असून, १९८० च्या दशकात तेथे विकसित झालेला एन्सिलाइट हा उत्प्रेरक प्रत्यक्ष कारखान्यात वापरला गेला.

या कामाचे स्वरूप समजून घेण्यासाठी सोन्याचे नॅनोकण तयार करण्याची, १९५१ मध्ये टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत पाहणे उपयुक्त ठरते. काचेची भांडी आधी अम्लराजाने, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने धुतली जातात, कारण काचेवर राहिलेला किंचितसा मळही कणांची वाढ बिघडवतो. नंतर क्लोरोऑरिक आम्लाचे फिकट पिवळे, विरल द्रावण सतत ढवळत उकळीला आणले जाते आणि त्यात सोडियम सायट्रेटचे द्रावण एकदम ओतले जाते. पिवळा रंग नाहीसा होतो, द्रावण करडे-निळसर होते आणि काही मिनिटांत ते गडद लाल होते. हा लाल रंग १५ ते २० नॅनोमीटरच्या कणांचा असून त्या द्रावणात मीठ टाकले की कण एकमेकांना चिकटतात आणि तोच रंग निळ्याकडे झुकतो. रंगाच्या या बदलावर अनेक सेन्सर, म्हणजे एखादा घटक उपस्थित आहे की नाही हे ओळखणारी साधने, आधारलेली आहेत. शिवाय घरच्या घरी गर्भधारणा तपासण्याच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ बहुधा अशाच सुवर्णकणांची असते.

ऊर्जासाठवणीचा विषय याहून अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि आज विद्यार्थ्यांचा सर्वाधिक ओढाही त्याकडेच आहे. लिथियम-आयन बॅटरीच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये पुढे आणलेला लिथियम आयर्न फॉस्फेट हा पदार्थ स्वस्त आणि सुरक्षित असला तरी विजेचा वाहक म्हणून फारच दुबळा होता; कण लहान करून त्यांवर कार्बनचा पातळ थर चढवल्यावरच तो खऱ्या अर्थाने उपयोगी ठरला. कणाच्या आत लिथियमला पसरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १० मायक्रोमीटरचा कण १०० नॅनोमीटरवर आणला तर हा वेळ दहा हजार पटींनी घटतो. याउलट, पृष्ठफळ वाढल्याने बॅटरीतील द्रवाबरोबर होणाऱ्या अनिष्ट क्रियाही वाढतात आणि हलकी, भुसभुशीत पूड तेवढ्याच जागेत कमी मावते. ‘जितके लहान तितके चांगले’ हे सूत्र म्हणूनच अपुरे आहे, आणि नेमका किती लहान कण हवा हे ठरवण्याची समज हीच या क्षेत्रातील खरी विद्या आहे.

ही समज अभ्यासक्रमाच्या नावात केवळ ‘नॅनो’ असल्याने येत नाही. पदवीच्या पातळीवर रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, रासायनिक अभियांत्रिकी किंवा धातुशास्त्र यांपैकी एका मूळ विषयाचा पाया पक्का करावा आणि नॅनोपदार्थांकडे पदव्युत्तर पातळीवर वळावे, हा मार्ग बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी अधिक हिताचा आहे. कारण उद्या या क्षेत्रातील संधी आटल्या तरी मूळ विषयाची पदवी औषधनिर्माण, रंग, पॉलिमर, अध्यापन अशा अनेक क्षेत्रांत चालते. बारावीनंतर आयसरच्या, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या, स्वतंत्र प्रवेशपरीक्षेतून पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाता येते आणि पुण्यातच आयसर आहे. नेस्ट परीक्षेतून भुवनेश्वरच्या नायसरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, आणि मुंबईच्या मूलभूत विज्ञान केंद्रात प्रवेश मिळतो. गावाजवळच्या चांगल्या महाविद्यालयात बी.एस्सी. करून जॅम परीक्षेद्वारे आयआयटीत एम.एस्सी. करणे हाही तितकाच प्रतिष्ठेचा मार्ग असून, त्याबद्दल कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील नॅनोविज्ञानाचा विभाग आणि पुण्यातील सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या पदार्थांवर काम करणारी संस्था ही या विषयाशी जोडलेली महाराष्ट्रातील आणखी काही ठिकाणे आहेत. पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी नॅनोकणांवर केलेले संशोधन आणि त्यांचे या विषयावरील इंग्रजी पाठ्यपुस्तक जिज्ञासू विद्यार्थ्याने अवश्य पाहावे.

संशोधक म्हणून उभे राहायचे असेल तर पीएच.डी. जवळजवळ अपरिहार्य आहे, आणि तेथे पालकांनी मनाची तयारी ठेवायला हवी. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता मिळतो. ही रक्कम एका व्यक्तीच्या खर्चाला पुरते, परंतु त्याच वयाच्या संगणक अभियंत्याशी तुलना करत राहिल्यास घरात अकारण कटुता येते, कारण पीएच.डी. हाती पडेपर्यंत विद्यार्थी सहसा अठ्ठाविशी-तिशीत पोहोचलेला असतो. पीएच.डी. न करताही उत्प्रेरक, बॅटरी, रंग आणि लेपनद्रव्ये यांच्या उद्योगांत गुणवत्ता-तपासणी आणि उत्पादन-विकासाची कामे मिळतात. तेथे क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकरचना वाचणे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताळणे आणि विद्युत्-रासायनिक मोजमापे करणे ही कौशल्ये कामी येतात. उद्योग मुलाखतीत शोधतो तो मुख्य गुण मात्र वेगळाच असतो : काल ग्रॅमभर बनवलेला पदार्थ उद्या किलोभर, त्याच आकाराचा आणि त्याच गुणांचा बनवता येईल का? ढवळण्याचा वेग, तापमान, रसायन ओतण्याचा क्रम यांची प्रामाणिक नोंद न ठेवणारा, कितीही हुशार असला तरी, येथे अडखळतो.

सुरक्षिततेविषयी पालकांची चिंता रास्त आहे. कोरड्या नॅनोपुडीचे कण श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर जाऊ शकतात आणि काही पद्धतींत हायड्रोफ्लोरिक आम्लासारखी अत्यंत घातक रसायने लागतात. म्हणून वायुशोषक कपाट, योग्य हातमोजे आणि कचऱ्याची वेगळी विल्हेवाट यांत जेथे ढिलाई दिसते ती प्रयोगशाळा, मार्गदर्शक कितीही नामवंत असला तरी, टाळावी. पीएच.डी.साठी गट निवडण्यापूर्वी तेथील चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकेकटे भेटावे. आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, आज ते कोठे आहेत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी किती आठवडे थांबावे लागते आणि फसलेल्या प्रयोगाची चर्चा गटाच्या बैठकीत मोकळेपणाने होते का, हे चार प्रश्न त्यांना विचारावेत.