नाणे घासण्याआधी

जुनी चांदीची नाणी जमवायला लागलेल्या माणसाची पहिली ओढ असते ती लखलखीत, स्वच्छ छापाच्या नाण्याकडे. काळे पडलेले किंवा छाप विस्कटलेले नाणे तो बाजूला सारतो, नाहीतर घरी आणून चिंच-लिंबाने घासून काढतो. या छंदात सर्वांत मोठे नुकसान याच सवयीने होते, हे माझे मत अनुभवाने पक्के झाले आहे. त्याचा सबळ पुरावा आपल्या नाशिक जिल्ह्यातच निघाला. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे 1906 साली 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात राजा नहपानाची. प्रत्येक जेमतेम दोन ग्रॅमचे. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि भोवती ब्राह्मी व खरोष्ठीत त्याचे नाव. यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. असे एक नाणे भिंगाखाली धरले, तर राजाच्या गालावरून टेकडीच्या कमानी गेलेल्या दिसतात आणि कडेला ग्रीक लेखाची दोन-तीन अक्षरे तेवढी वाचलेली असतात. नवख्याला ते बिघडलेले नाणे वाटेल. इतिहासाच्या दृष्टीने मात्र साठ्यातले सर्वांत बोलके नाणे तेच.

नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख आहे. त्यात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूल केल्याचे ती सांगते. आईने केलेली स्तुती म्हणून कोणी त्या लेखावर शंका घेऊ शकेल. नाण्यावरच्या ठशाखाली दबलेल्या चेहऱ्यावर तशी शंका घेता येत नाही. त्यातही महत्त्वाचे हे की साठा एकत्र मोजला गेला. एकच नाणे हाती आले असते, तर कोणीतरी जुन्या नाण्यावर ठसा मारला एवढेच कळले असते. हजारो नाणी एका ठिकाणी निघाली, त्यांत ठसा मारलेली किती आणि न मारलेली किती हे कळले, म्हणून पराभूत राजाचे चलन आपल्या नावाने पुन्हा चालवण्याचे हे मोठे काम होते, असे म्हणता येते. हाच साठा गुपचूप वाटला जाऊन मुशीत गेला असता, तर उरली असती ती पंचवीस-तीस किलो चांदी.

यावर पहिला आक्षेप असा की काळपट थर चांदी खातो, म्हणून घासावेच लागते. तसे नाही. तो थर चांदीवर गंधकाची क्रिया होऊन बनलेला असतो. राख, टूथपेस्ट किंवा पॉलिशने तो घालवताना खालची चांदीही निघते, आणि आधीच्या छापाच्या केसाएवढ्या रेषा सर्वांत आधी जातात. माती असेल तर शुद्ध पाण्यात भिजवावे, मऊ कापडाने टिपावे, घासू नये. हिरवट खपली दिसली तर जाणकाराकडेच न्यावे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटापेक्षा साधे कागदी पाकीट बरे. चकाकीचा दुसरा धोका बनावट मालाचा. ओतीव नकलेवर बारीक छिद्रे असतात, कडेला साच्याची शीर दिसते. दोन नाण्यांवर खड्डे आणि चिरा अगदी एकाच जागी असतील तर दोन्ही सोडून द्यावीत, कारण हाताने ठोकलेली दोन नाणी हुबेहूब सारखी निघत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शेतात नाणी सापडली आणि कळवले, तर गरिबाच्या हाती काय पडणार? 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. त्यात शोधणाऱ्याचा हक्क मानलेला आहे, पण सरकारने ठेवा घेतला तर मोबदला धरला आहे तो धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. नाण्याची खरी किंमत त्यात येत नाही, हे मला अन्यायाचे वाटते आणि ते बदलले पाहिजे. तरीही लपवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. लपवल्यास शिक्षेची तरतूद आहे, आणि ठेवा विखुरला की त्याची साक्षही विखुरते. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही आणि परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही. म्हणून विक्रेत्याला आधी विचारा, नाणे कुठून आले? उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका, भाव कितीही उतरला तरी.

आणि आजोबांच्या पेटीतून आलेली नाणी घरात असतील, तर आज एवढे करा: प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वजन करा, ते कोणाकडून आणि कोणत्या गावाहून आले ते पाकिटावर लिहा. मग त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय एकदा पाहून या. तोवर चिंचेला हात लावू नका.