चित्र पाहणे आणि चित्र जपणे



नववी-दहावीच्या शैक्षणिक सहलीसाठी दिल्लीतील दोन चित्रसंग्रहालयांचा प्रस्ताव मी मांडला, तेव्हा पालक सभेत एका गृहस्थांनी विचारले, "लाल किल्ला, कुतुबमिनार समजू शकतो. पण ती वेडीवाकडी चित्रे पाहून मुलांना काय मिळणार? परीक्षेत तर ती येत नाहीत." प्रश्न रास्त आहे. विश्वस्त मंडळाचा निर्णय अजून व्हायचा आहे, म्हणून उत्तर येथे सविस्तर देतो.

आपण ग्वाल्हेरचे लोक. तानसेन समारोहात गवई आलाप सुरू करतो तेव्हा 'याचा अर्थ काय?' असे आपल्यापैकी कोणी विचारत नाही. शब्द नसतात, गोष्ट नसते, तरी रात्र रात्र बसतो. मग रंगांनाच आपण अर्थ का विचारावा? वासुदेव गायतोंडे यांची चित्रे अशीच आहेत. 1924 मध्ये नागपुरात जन्मलेला हा चित्रकार दिल्लीत निजामुद्दीनला एकटा राहत असे आणि वर्षाला मोजकीच चित्रे काढीत असे. त्यांच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही. पण समोर थोडा वेळ उभे राहिले की आधी न दिसलेला रंग आतून वर येऊ लागतो. घाईच्या माणसाला हे दिसणार नाही, आणि पुस्तकातल्या छापील चित्रात तर मुळीच नाही. म्हणून प्रत्यक्ष जायचे.

दुसरे नाव आपल्याच मध्य प्रदेशातले. सैयद हैदर रझा 1922 मध्ये मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे जन्मले. शाळेत त्यांचे लक्ष लागत नसे. एके दिवशी गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. तोच ठिपका पुढे 'बिंदू' होऊन त्यांच्या चित्रांत आला. रझा साठ वर्षे फ्रान्समध्ये राहिले, परंतु 2016 मध्ये निधन झाल्यावर त्यांचे दफन मंडल्यालाच झाले. (आमच्या शिक्षक बांधवांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. खडूचा खर्च फारसा नाही!)

आता संग्राहकांविषयी. पुष्कळांना वाटते, चित्रे घेणे म्हणजे श्रीमंतांची हौस. रझांचे 'सौराष्ट्र' हे चित्र 2010 मध्ये लंडनच्या लिलावात सोळा कोटींहून अधिक रुपयांना गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी आकडाच मोठा छापला. पण ते विकत घेतले किरण नाडर यांनी, आणि ते त्यांच्या दिवाणखान्यात अडकून राहिले नाही. त्यांनी 2010 मध्ये स्वतःच्या संग्रहाचे संग्रहालय सुरू केले व 2011 मध्ये दिल्लीत साकेत येथे ते लोकांसाठी उघडले.

मला मात्र त्याहून मोलाचे वाटतात ते चित्रकाराला कोणी विचारत नसताना चित्र घेणारे. 1947 मध्ये रझा, हुसेन, सूझा, आरा, गाडे आणि बाक्रे या तरुणांनी मुंबईत आपला गट स्थापन केला, तेव्हा त्यांना गिऱ्हाईक कुठले? त्यांच्या पाठीशी उभे राहिले श्लेसिंगर, लँगहॅमर आणि फॉन लायडन हे हिटलरमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले तीन गृहस्थ. स्वतःचे घर गमावलेल्या माणसांनी आपल्या मुलांची चित्रे घेतली, यावर थोडा विचार करावा.

मुंबईच्याच जहांगीर निकल्सन यांनी 1968 पासून चित्रे घ्यायला आरंभ केला आणि आठशेच्या आसपास कलाकृती जमवल्या. 2001 मध्ये ते वारले. 2011 पासून त्यांचा संग्रह छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील स्वतंत्र दालनात आळीपाळीने दाखवला जातो. एकट्याच्या आवडीने जमलेले आता कोणाही मुलाला पाहता येते.

आपल्या घरांचे काय? लष्करातले जुने वाडे पाडले जात आहेत आणि माळ्यावरची रविवर्मा छापखान्याची चित्रे, पणजोबांचे रंगवलेले फोटो रद्दीबरोबर कबाड्याकडे जात आहेत. पालकांनी देण्याआधी एकदा मुलांना ती दाखवावीत. मागे नाव, साल असेल तर उतरवून घ्यावे. संग्रह इथूनही सुरू होतो. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी शहरातल्या ललित कला महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याचे चित्र घ्यावे. दिवाळीच्या फटाक्यांइतक्या पैशांत ते मिळू शकते.

सहलीत मुलांना काम एकच राहील. जयपूर हाऊसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सर्व दालनांतून एकदा फिरायचे, मग एक चित्र निवडून त्यापुढे दहा मिनिटे उभे राहायचे. शेजारची पाटी नंतर वाचायची. जे दिसले ते वहीत आपल्या शब्दांत लिहायचे. 'समजले नाही' हेही चालेल, परंतु काय समजले नाही ते लिहावे लागेल. साकेतलाही तसेच.

दिल्लीचा खर्च जास्त वाटल्यास भोपाळचे भारत भवन आहे. 1982 मध्ये उघडलेल्या या वास्तूत जगदीश स्वामीनाथन यांनी शहरी चित्रकार आणि आदिवासी चित्रकार एकाच छताखाली, बरोबरीने मांडले. पाटनगढच्या जनगढसिंह श्याम या गोंड तरुणाची चित्रे तिथूनच जगापुढे गेली. तेही आमच्या वर्गांना चालेल. विश्वस्तांना एवढीच विनंती की तारीख ठरवताना सोमवार टाळावा. त्या दिवशी ही संग्रहालये बंद असतात.