दुर्गदबैलाचा खाऊबाजार : एक अभ्यासभेट

मराठी विद्यार्थ्याने 'दुर्गदबैल' हे नाव पहिल्यांदा ऐकले, की त्याच्या डोळ्यांपुढे शिंगे उभी राहतात. पण हा बैल नांगराचा नव्हे. कन्नडमध्ये 'बयलु' म्हणजे मोकळे मैदान. तेव्हा दुर्गदबैल म्हणजे किल्ल्याचे मैदान. अठराव्या शतकात बसप्पा शेट्टर या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने वसलेली नवी हुबळी याच मैदानाभोवती वाढली. किल्ल्याची आठवण आता नावात उरली आहे. वर्दळ मात्र कायम आहे. दिवेलागणीला येथे गाडे लागतात, तवे तापतात आणि मिरचीच्या ठसक्याने वाटेने जाणाऱ्यालाही शिंक येते.

रायापूरहून हुबळीला जाऊन येथे खाऊन येणारे आपल्यापैकी पुष्कळ आहेत. पाहून येणारे थोडे. एकदा काही विद्यार्थ्यांना मी या भेटीचा वृत्तान्त लिहावयास सांगितला, तेव्हा 'चविष्ट' हा एकच शब्द निरनिराळ्या हस्ताक्षरांत वाचावयास मिळाला. म्हणून अशा बाजारात अभ्यासकाने काय पाहावे, याची थोडी चर्चा येथे करीत आहे.

१. ताटलीतील भूगोल

प्रथम गिरमिटाची ताटली घेऊ. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, चिंच व गूळ तेलात शिजवून केलेला 'गोज्जु' चुरमुऱ्यांत कालवतात. वरून डाळ्यांचे पीठ, कच्चा कांदा, कोथिंबीर आणि शेव. मुंबईची भेळ चटण्यांवर उभी असते. गिरमिट या शिजवलेल्या गोज्जुवर. सोबत मिरचीभजे हवेच. आपले चुरमुरे येथे 'चुरमुरी' होतात, तर कोठे 'मंडक्की'. आता यांतील मिरची आणि टोमॅटो पाहा. दोन्ही मूळची अमेरिकेची. मिरची आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. ज्या ब्याडगी मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे पूर्वजही परदेशीच. 'आमची अस्सल चव' असे म्हणताना एवढे ध्यानात असावे.

२. गाड्यावरचा हिशेब

चुरमुरे ओल चटकन शोषतात. कालवलेले गिरमिट थोड्याच वेळात मऊ पडते. म्हणून ते आधी करून ठेवता येत नाही. गिऱ्हाईक समोर आले, की हात चालवायचा. विक्रेत्याची कमाई संध्याकाळच्या मोजक्या तासांवर आणि हाताच्या वेगावर अवलंबून असते. ऐन वेळी पाऊस आला, तर विक्री तर बुडतेच, शिवाय चिरलेला कांदा आणि शिजवलेला गोज्जु वाया जातो.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण 'खेळते भांडवल' शिकतो. येथे ते डोळ्यांना दिसते. सकाळी मंडईत गेलेला पैसा रात्री गल्ल्यात परत येतो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा निघतो. एक दिवस तो परत आला नाही, तर दुसऱ्या दिवसाचा माल उधारीवर किंवा व्याजाच्या पैशाने आणावा लागतो. २०२० साली केंद्र सरकारने फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना काढली, तेव्हा पहिले कर्ज अवघे १०,००० रुपयांचे ठेवले होते. रक्कम लहान वाटते. पण रोज फिरणाऱ्या पैशात तिचे मोल मोठे आहे.

३. आरोग्याचा प्रश्न

'बाहेरचे खाऊ नये' हा घरचा उपदेश सरसकट खरा नाही. उकळत्या तेलातून निघालेल्या भज्यापेक्षा धुण्याचे पाणी, कच्चा कांदा आणि उघड्यावरची चटणी यांकडे अधिक लक्ष द्यावे. तेल पुन्हा पुन्हा तापवले जाते का, पदार्थ छापील वर्तमानपत्रावर देतात का, हेही पाहावे. छपाईची शाई पोटात जाऊ नये म्हणून कायद्याने त्याला मनाई आहे. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. लालभडक रंगाला भुलणारे गिऱ्हाईकही त्या दोषात भागीदार असते, हे आपण कबूल करावयास हवे.

४. जागा कोणाची?

आता मुख्य प्रश्न. रस्ता चालणाऱ्यांचा की विकणाऱ्यांचा? सिंगापूरने १९७१ ते १९८६ या काळात रस्त्यावरचे विक्रेते नळ व सांडपाण्याची सोय असलेल्या बांधीव केंद्रांत हलविले. २०२० साली तेथील या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सांगितले, की पदपथावर व्यवसाय करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असा मूलभूत हक्क आहे. मात्र अमुकच जागा माझी, असा हक्क कोणालाही नाही. त्यानंतर २०१४ साली फेरीवाल्यांसाठी केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार आधी विक्रेत्यांची पाहणी व्हावी आणि ती पुरी होईपर्यंत कोणास उठवू नये. शहराच्या समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात.

याच कायद्याच्या परिशिष्टात एक महत्त्वाची तरतूद आहे. जेथे पन्नासहून अधिक वर्षे फेरीवाले व्यवसाय करीत आले आहेत, तो बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये. पण पन्नास वर्षे झाली, हे सांगणार कोण? दुकानदाराजवळ भाडेपावती असते, शेतकऱ्याजवळ सातबारा असतो. वडिलांच्या जागी उभ्या राहिलेल्या गाडेवाल्याजवळ बहुधा फक्त आठवण असते. आणि लिहून न ठेवलेली आठवण कचेरीत चालत नाही.

येथे विद्यार्थ्याच्या वहीचे काम आहे. गर्दी होण्यापूर्वी, गाडा लावताना जावे. आधी काहीतरी विकत घ्यावे. 'रोज किती मिळते?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत करू नये. आपल्या वडिलांना परक्याने तो केलेला आपल्याला आवडेल का? कन्नड विभागाच्या मित्राने विचारावे, मराठी विभागाच्या मित्राने लिहावे, आणि लिहिलेले त्याच जागी वाचून दाखवावे. व्यवसाय कोणी सुरू केला, तेव्हा शेजारी कोण बसत असे, जागा कधी बदलली, हे तारखेसह नोंदवावे. असे दहा-वीस वृत्तान्त जमले, तर ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवता येतील व गरज पडेल तेव्हा विक्रेत्यांच्या हाती देता येतील.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या खेपेस दुर्गदबैलात गिरमिट अवश्य खा. पण ताटली परत देताना एवढे विचारायला विसरू नका : "इल्लि एष्टु वर्ष आय्तु?" म्हणजे, येथे किती वर्षे झाली? आणि जे उत्तर मिळेल, ते लिहून ठेवा.