खवले मांजराचा पूल

१९८६ साली बुकित तिमा एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि तिथलं वर्षावन शेजारच्या मोठ्या जंगलापासून तुटलं. रस्ता ओलांडताना खवले मांजरं गाडीखाली यायची. २०१३ मध्ये त्यावर खास प्राण्यांसाठी ६२ मीटर लांबीचा, झाडं लावलेला पूल झाला. हेच छोट्यांना खेळातून सांगूया.

हस्तकला : जुन्या लग्नपत्रिकांचे खवले कापा. पुठ्ठ्याच्या खवले मांजरावर शेपटीकडून सुरुवात करून, कौलांसारखे एकावर एक चिकटवा.

खेळ : दोन चटया म्हणजे दोन जंगलं, मधली फरशी म्हणजे रस्ता. मुलं एका चटईवर, खाऊ दुसऱ्या. ताईंनी "गाडी आली!" म्हटलं, की फरशीवरचा बाद. दुसऱ्या डावात मध्ये सतरंजी अंथरा. तिच्यावरून जाणारा कुणीच बाद नाही! असं का, ते मुलांनाच सांगू द्या.