सह्याद्रीचे कूपमंडूक

बेडूक म्हटला की कलाशाखेच्या विद्यार्थ्याला प्रथम आठवतो तो ‘कूपमंडूक’ हा शब्द. आपल्या विहिरीलाच जग समजणाऱ्या माणसाला आपण हे विशेषण लावतो आणि लावताना बेडकाचीही कीव करतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात मात्र हाच प्राणी सन्मानाने आलेला आहे. वर्षभर मौन पाळून पर्जन्याच्या आगमनासरशी बोलू लागणारे बेडूक त्या ऋषीला व्रतस्थ ब्राह्मणांसारखे भासले. शब्दकोशातील बेडूक खरा की सूक्तातील, असा प्रश्न केला तर विज्ञानाचे उत्तर मोठे गमतीचे आहे. डोंगरातला बेडूक खरोखरच कूपमंडूक असतो. परंतु त्याच्या या विहिरीतच त्याच्या वैभवाचे रहस्य दडलेले आहे. आणि ही विहीर खोदण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर हवामानाने केलेले आहे. ते कसे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

वरळीचा दगडी बेडूक

आरंभ आपल्या मुंबईपासूनच करू. चारकोपहून वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला वरळीची टेकडी आहे. तेथे लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या मातकट खडकात एका चिमुकल्या बेडकाचे जीवाश्म सापडले. इ. स. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. पुढे १९३० मध्ये नोबल यांनी त्याला ‘इंडोबॅट्राकस’ ही स्वतंत्र प्रजाती बहाल केली. हा बेडूक सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्या ज्वालामुखीय उलथापालथीची साक्ष देते, तिच्याच काळात दोन उद्रेकांमधल्या उसंतीत येथे गोड्या पाण्याची तळी साचत व त्यांच्या काठी हे बेडूक नांदत. पुढचा लाव्हा आला आणि ती तळी कायमची झाकली गेली.

त्या काळी भारत हा आशियाचा भाग नव्हता. आफ्रिका, मादागास्कर, सेशेल्स यांच्या सोबतीने एका महाखंडात असलेला हा भूभाग एकेक सोबती मागे टाकीत उत्तरेकडे सरकत होता. या प्रवासात त्याने दक्षिण गोलार्धातील शीतोष्ण प्रदेश सोडला, विषुववृत्त ओलांडले आणि अखेर तो आशियाला येऊन भिडला. जमीन सरकली तसे तिच्या माथ्यावरचे हवामानही बदलले. जे वंश हा पालट सोसू शकले ते उरले. त्यांपैकी एक २००३ मध्ये जगापुढे आला. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील या जांभळट, फुगीर बेडकाला एस. डी. बिजू व फ्रँकी बोसुइट यांनी ‘नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस’ असे नाव दिले. ‘नासिका’ हा आपलाच शब्द. बेडकाचे नाक टोकदार आहे. त्याचे सर्वांत जवळचे नातलग आज सेशेल्स बेटांवर आहेत! हा बेडूक वर्षातील बहुतेक काळ जमिनीखाली राहतो व पावसाच्या तोंडावर थोडे दिवस वर येतो. भूमिगत राहून हवामानाला चुकविण्याची युक्ती त्याला फळली, असे म्हणावे लागेल.

ओल्या त्वचेचे बंधन

बेडूक नुसत्या फुप्फुसाने श्वास घेत नाही, त्वचेनेही घेतो. त्यासाठी त्वचा सदैव ओली हवी. म्हणून उन्हाचा, कोरडा, उघडा प्रदेश त्याला समुद्रासारखा अनुल्लंघ्य ठरतो. अर्थात सगळे बेडूक सारखे नसतात. चारकोपसारख्या खाडीकाठच्या सखल वस्तीत पहिल्या पावसाला ओरडणारा मोठा बेडूक, ज्याचे नर हळदीसारखे पिवळे होतात, तो पाकिस्तानापासून म्यानमारपर्यंत पसरलेला आहे. डबके, शेत, गटार, त्याला काहीही चालते. एवढ्या मुलखात जाती मात्र एकच!

डोंगरात याच्या नेमके उलट घडते. तेथील झुडपी बेडकांची ‘राओर्चेस्टेस’ ही प्रजाती पाहा. बंगलोरचे बेडूकतज्ज्ञ सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ २०१० मध्ये हे नाव दिले गेले. या बेडकांच्या अंड्यांतून शेपटीचा डिंभ बाहेर पडत नाही. थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो. त्यामुळे त्यांना तळ्याची गरज उरलेली नाही; मात्र हवेत व पालापाचोळ्यात सतत ओलावा लागतो. अंगठ्याएवढ्या या प्राण्यांच्या साठहून अधिक जाती आज ज्ञात आहेत, आणि त्यांतील बहुतेक सह्याद्रीच्याच रहिवासी आहेत. मैदानात एक जात हजारो मैल पसरते आणि डोंगरात एका घाटापलीकडे दुसरी जात सुरू होते, हे कसे?

डोंगर की बेट?

गेल्या सुमारे सव्वीस लाख वर्षांत पृथ्वीवर हिमयुगे आली आणि गेली. सह्याद्रीवर बर्फाचे थर साचले नाहीत. येथे हिमयुगाचा अर्थ थंडीबरोबरच दुर्बळ मोसमी पाऊस असा होता. याचा पुरावा निलगिरीच्या दलदलीत मिळतो. तेथे हजारो वर्षे कुजलेल्या वनस्पतींचे थर साचलेले आहेत. आर. सुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील कार्बनचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, तेथे कोरड्या हवामानात तग धरणाऱ्या गवतांचे प्राबल्य होते, असे त्यातून दिसले.

आता कल्पना करा. पाऊस आटला, सदाहरित अरण्य आक्रसले आणि उंच डोंगरांच्या ओल्या घळींमध्ये जाऊन बसले. अरण्याबरोबर बेडूकही गेले. दोन डोंगरांमधील दरी आता रुक्ष झाली. अलीकडचा बेडूक पलीकडे जाईना. हजारो पिढ्या अशा एकांतात गेल्या. प्रत्येक डोंगरावर लहानसहान फरक साचत गेले. आवाज बदलला, अंगाची ठेवण बदलली. पुन्हा पाऊस वाढला, अरण्ये एकमेकांना भेटली. पण तोवर बेडकांची बोली निराळी झालेली होती. नराची साद मादीला ओळखू येईना, तेव्हा एका जातीच्या दोन जाती झाल्या. भाषेच्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. दर बारा कोसांवर बोली बदलते ती अशाच अंतरामुळे.

मात्र सगळे श्रेय हिमयुगांना देणे शास्त्राला धरून होणार नाही. थंडीने डोंगरमाथ्यावरील वनस्पती खाली उतरून डोंगर जोडलेही जाऊ शकतात. दुष्काळाने ते तुटतात. दोन्ही ओढी एकाच वेळी चालू असतात. शिवाय बेडकांचे अनेक वंश हिमयुगांहून कितीतरी जुने आहेत. सुमारे तीस किलोमीटर रुंदीच्या पालघाट खिंडीसारखे अडसर फार प्राचीन आहेत आणि खिंडीच्या दोन बाजूंस वेगवेगळे वंश आढळतात. झुडपी बेडकांवरील २०१६ च्या एका अभ्यासाने हिमयुगे, हवामानातील चढउतार आणि भूगोल या तिहींचाही वाटा मान्य केला आहे. डोंगराने भिंती बांधल्या आणि हवामानाने दारे उघडझाप केली, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

महाराष्ट्रातील दोन भावंडे

दक्षिणेतील अनाईमुडी २,६९५ मीटर उंच, तर आपले कळसूबाई १,६४६ मीटर. आपल्याकडे पाऊस चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने डोंगर वाळतो. म्हणून उत्तर सह्याद्रीत बेडकांच्या जाती कमी. पण ज्या आहेत त्या मोठ्या चिवट. १९६३ मध्ये पी. डब्ल्यू. सोमण यांनी कोयना परिसरातून एका भेकाची नवी जात नोंदविली. २००९ मध्ये बिजू, वरद गिरी व इतर संशोधकांनी आंबोलीच्या जांभ्या सड्यावरून दुसरी जात प्रसिद्ध केली. अंगावरच्या वाघासारख्या पट्ट्यांवरून तिला ‘टायग्रिना’ म्हटले. या दोघांच्या ‘झँथोफ्राइनी’ प्रजातीत तिसरे कोणी नाही. एका पूर्वजाची दोन भावंडे दीडशेहून अधिक किलोमीटर अंतरावर दोन डोंगरांवर राहतात. पहिल्या पावसाने सड्यावरील उथळ खळगे भरले की त्यांचा विणीचा सोहळा थोडक्या दिवसांत उरकतो. याच आंबोलीतून २०१४ मध्ये नोंदलेल्या एका बेडकाला संशोधकांनी ‘चिरावासी’ हे नाव दिले, कारण तो जांभ्याच्या भेगांतून राहतो. उंच डोंगर नाहीत तर भेग सही. ओलावा सांभाळण्याची ही मराठमोळी तऱ्हा!

आजचा प्रश्न

येथे कोणी म्हणेल, हवामान पूर्वीही बदलत होते आणि त्यातून बेडूक वाढलेच. मग आज चिंता कशाची? उत्तर वेगात आहे. हिमयुग ओसरताना पृथ्वीचे सरासरी तापमान पाच-सहा अंशांनी वाढले. त्याला सुमारे दहा हजार वर्षे लागली. म्हणजे हजार वर्षांत जेमतेम अर्धा अंश. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आजवर, दीडशे वर्षांत, ते एका अंशाहून अधिक वाढले आहे. शिवाय पूर्वी बेडकाला मागे सरण्यास सलग अरण्य होते. आज मध्ये रस्ता, खाण, धरण व वसाहत आहे. आणि आंबोलीच्या सड्यावर राहणाऱ्या भेकाने आणखी वर चढावे तरी कोठे? त्याचा डोंगर तेथेच संपतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. पृष्ठवंशीयांच्या कोणत्याही वर्गाची स्थिती याहून वाईट नाही.

जी विहीर लाखो वर्षे आश्रय देत आली तीच आता सापळा ठरू पाहत आहे. कोयना, चांदोली, राधानगरी, कास या परिसरांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. परंतु मान म्हणजे रक्षण नव्हे. पावसाळी सहलीला घाटात जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढे तरी जाणावे की, तो काळा, ओसाड दिसणारा सडा पडीक जमीन नाही. त्यावरचे वीतभर पाण्याचे खळगे कुणाचे तरी सबंध जग आहे. तेथे मोटारी घालू नयेत, दगड उलथू नयेत. आणि पुढच्या वेळी कुणाला ‘कूपमंडूक’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कारण त्या प्राण्याने आपल्या विहिरीबाहेर पाऊल न टाकताही पृथ्वीच्या हवामानाचा इतिहास जितका अंगावर वागवला आहे, तितका आपल्या ग्रंथालयांतही क्वचितच सापडेल.