तरुण वय, मद्यपान आणि यकृत

"डॉक्टर, मी देशीला हात लावत नाही. उन्हाळ्यात थंड म्हणून फक्त बिअर घेतो." दीपनगरला ठेकेदाराकडे कामाला असलेला २८ वर्षांचा तरुण मला सांगत होता. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पायांवर सूज होती, पोटात पाणी झाले होते. घरच्यांनी तीन आठवडे गळ्यात काविळीची माळ घालून वाट पाहिली होती. त्याआधीच्या दोन वर्षांत तो मळमळ आणि 'अ‍ॅसिडिटी'साठी तीनदा माझ्याकडे आला होता. मी गोळ्या लिहून दिल्या, "किती पितोस?" हे विचारले नाही. चूक माझी होती. ती तुमच्या घरात होऊ नये, म्हणून हा लेख.

यकृत तक्रार का करत नाही?

उजव्या बरगड्यांखालचा हा सुमारे दीड किलोचा अवयव पित्त तयार करतो, रक्त गोठवणारी प्रथिने बनवतो आणि विषारी पदार्थांची विल्हेवाट लावतो. प्यालेल्या दारूतील ९० टक्क्यांहून अधिक मद्यार्क यकृतातच मोडला जातो. त्यातून प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो आणि तोच पेशींना इजा करतो. यकृताच्या आतील भागाला वेदना कळत नाही. त्यामुळे बरेच नुकसान होईपर्यंत माणूस धडधाकट दिसतो आणि तरुण माणूस तर अधिकच.

बिअर म्हणजे दारू नव्हे?

हा मोठा गैरसमज आहे. ४२.८ टक्के मद्यार्क असलेल्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे अशा दोन बाटल्या पिणारा क्वार्टरपेक्षा जास्त दारू पितो! स्त्रियांच्या यकृताला याहून कमी प्रमाणही बाधते. लठ्ठपणा किंवा 'ब' प्रकारची कावीळ असेल तर धोका वाढतो. दारूचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

आजाराच्या तीन पायऱ्या

१) चरबी साठणे : रोज ६० ग्रॅमहून अधिक मद्यार्क घेणाऱ्या बहुतेकांत हे आढळते. त्रास जवळजवळ नसतो, सोनोग्राफीत कळते. दारू पूर्ण बंद केल्यास ही चरबी काही आठवड्यांत ओसरू लागते.

२) यकृतदाह : भूक मंदावणे, ताप, कावीळ, पोट दुखणे. रक्तात एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट झालेले असू शकते. तीव्र दाहात महिन्याभरात मृत्यूही येतो, मग वय पंचविशीचे का असेना.

३) सिऱ्हॉसिस : यकृताच्या जागी कठीण व्रण तयार होतात. पोटात पाणी, रक्ताची उलटी, भ्रम. येथून मागे फिरणे सहसा शक्य नसते. तरीही दारू सोडल्याने आयुष्य वाढते.

काय करावे?

* नियमित पिणाऱ्याने त्रास नसला तरी रक्ततपासणी व सोनोग्राफी करावी. रिपोर्ट चांगला आला म्हणजे पिण्याचा परवाना मिळाला, असे समजू नये.
* कावीळ दिसताच डॉक्टरांकडे जावे. माळ घालण्यात किंवा 'उतरवून घेण्यात' दिवस घालवू नयेत. रक्ताची उलटी, काळी शौच किंवा बरळणे असल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.
* लिव्हर टॉनिक घेत दारू चालू ठेवणे व्यर्थ आहे. यकृताचे खरे टॉनिक म्हणजे दारूबंदी.
* रोज पिणाऱ्याने मनाने एकदम दारू तोडू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, झटके, भास होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.
* अंगदुखीसाठी पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या स्वतःच्या मनाने खाऊ नयेत.
* व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ हा शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे. व्यसन हा आजार आहे. उपचार घेण्यात लाज कसली?

तो तरुण जळगावला दाखल झाला. वाचला, पण यकृत पूर्ववत झाले नाही. आता त्याला जड काम जमत नाही. त्याच्या आईच्या आग्रहावरून मी धाकट्या भावालाही तपासले. तो २४ वर्षांचा, पिणे तसेच, त्रास काहीच नाही. सोनोग्राफीत चरबी निघाली. मोठ्या भावाकडे पाहून त्याने दारू बंद केली आणि तीन महिन्यांनंतरची सोनोग्राफी स्वच्छ आली. एकाच घरातले दोन भाऊ; एक पहिल्या पायरीवर थांबला, दुसऱ्याला मी उशिरा विचारले. आपल्या मुलाला, भावाला हा प्रश्न आजच विचारा. रागावून नव्हे, जवळ बसवून.